ढिवरांची फळी

शामा, तुझ्या शोकसभेत पहिला हार कोणी घातला माहीत आहे? रायभाननं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो होता, तोच तो, लग्नातला, कान बाहेर आलेला. अन् हा माणूस कडक इस्त्रीची टोपी घालून आला, हार घातला, रुमालानं कोरडे डोळे पुसले अन् म्हणाला, "शामराव माहा मोठा भाऊ होता." मोठा भाऊ! मी मागं कडुनिंबापाशी उभा होतो. पायातली चप्पल हातात येता येता राहिली. समोर वयनी, तुझी बायको, बसली होती, म्हणून. नाहीतर त्या दिवशी शोकसभा कशाची, कुस्तीच झाली असती.

तू असतास तर म्हणाला असतास, "दौलत, राग गिळ गा." गिळतच तर आलो इतकी वर्षं. तुझ्या नादी लागून मी, कामठीच्या गुजरीत मासळी विकणारा ढिवर, ज्याच्या तोंडाला गिऱ्हाईकसुद्धा भीत असे, तो पंचायतीत, कचेरीत, साहेबांसमोर हात जोडून बसायला शिकलो. पण आता सांगणारा तूच गेलास. आता मी कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हतो.

आपली ओळखच मुळी भांडणातली. तुम्ही शेतकऱ्यांनी नाल्यावर दगडी बंधारा बांधला. गव्हाला पाणी पाहिजे, खरं आहे, पण आम्हाला कोणी विचारलं? पहिला पूर आला की कन्हान नदीतले मासे आमच्या नाल्यानं वर चढतात, पार वरच्या उथळ पाण्यात जाऊन अंडी घालतात. तुमचा बंधारा आला अन् मासे भिंतीवर डोकं आपटून मरू लागले. दोन पावसाळ्यांत आमची जाळी रिकामी. मग आम्ही सब्बल घेऊन बंधारा फोडला. तुम्ही पुन्हा बांधला. आम्ही पुन्हा फोडला. तुमच्यातल्या दोघांची डोकी फुटली, आमच्यातले चौघे ठाण्यात जाऊन आले. अन् शेतकऱ्यांच्या बाजूनं अर्ज घेऊन ठाण्यात बसलेला माणूस कोण, तर शामराव. पाच गावांत कोणाला बियाणं मिळालं नाही, कोणाच्या पंपाला वीज मिळाली नाही, की तू तो एकुलता एक कोट अंगात घालून एसटीनं नागपूरला जाणार अन् साहेब वैतागून सही करेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहणार. आम्ही तुला 'चिकट्या' म्हणत होतो. तुला कधी सांगितलं नाही.

अन् एक दिवस हा चिकट्या माझ्या दुकानासमोर उभा. गळ्यात तुळशीची माळ, नाकाला दुपट्टा.

"कायले आला बे इथी? विटाळ होईन ना," मी म्हटलं.

"मासा पाहाले आलो."

"घ्याचा नाही, नुसता पाहाचा? मंग सर्कशीत जाय."

गुजरीतल्या बाया हसल्या. तू हलला नाहीस. मला आला राग. मी टोपल्यातली मोठी मासोळी उचलली, पोट फाडलं अन् अंड्यांची पिवळी गाभोळी तुझ्या नाकासमोर धरली. "पाह्य. पोटुशी हाये. हिले वर जाचं होतं. तुह्या बंधाऱ्यानं माघारी आणली अन् माह्या टोपल्यात टाकली." मला वाटलं, पळेल. तू नाकावरचा दुपट्टा काढलास, उकिडवा बसलास अन् विचारलंस, "वर जाले कवापासून कवापर्यंत वेळ लागते हिले?"

शामा, तोवर तुमच्यातल्या कोणीही आम्हाला हे विचारलं नव्हतं. चोर म्हटलं होतं, फोडणारे म्हटलं होतं. मी म्हटलं, पहिल्या पुरापासून, पोळा धरून, पाणी निवळेपर्यंत. तू म्हणालास, "मंग तोवर बंधाऱ्याचं तोंड खुलं ठेवू. पाणी निवळलं की बंद करू. तेवढ्या पाण्यावर आमचा गहू होते."

"अन् तुमी मधातच बंद केलं तं?"

"अन् तुमी मधातच खोललं तं?"

दोघांचंही खरं होतं. तिथून निघाला तो फळ्यांचा नेम. बंधाऱ्याच्या मधोमध खांड पाडली, दोन्हीकडच्या दगडांत खाचा कोरल्या, बीजा झाडाच्या टणक लाकडाच्या जाड फळ्या केल्या. एक फळी शेतकऱ्यांची, तिच्यावर एक ढिवरांची, तिच्यावर पुन्हा शेतकऱ्यांची. अशा एकावर एक. ज्याची त्यानं लावायची, ज्याची त्यानं काढायची. दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही. म्हणजे तुम्ही एकटे बंद करू शकत नाही, आम्ही एकटे खोलू शकत नाही. पाण्यात छातीएवढं उतरून, समोरासमोर उभं राहून हे काम. लाकूड तरंगून वर यायला पाहतं, म्हणून खालच्या फळीवाल्यानं ती दाबून धरायची, तोवर वरच्या फळीवाल्यानं आपली तिच्यावर बसवायची. पहिल्या वर्षी तू दाबून धरली अन् मी बसवली. तू थंडीनं कुडकुडत होतास अन् मी मुद्दाम हळूहळू लावत होतो. तू शिव्या दिल्यास. माळकऱ्याच्या तोंडून त्या शिव्या ऐकून माझी सगळी ढिवरवस्ती खूश झाली.

त्यानंतर काय काय केलंस तू! वरच्या बरडावरची माती वाहून डोह भरत होते, तर शेतांना बांध घालायला आमचीच माणसं लावलीस, पोटाला काम मिळालं. डोह खोल राहिले, मासे परत आले. पुरात बंधाऱ्यावर छत्री घेऊन बसायचास अन् खांडीतून उड्या मारत वर जाणारे रोहू पाहायचास, लहान लेकरासारखा. खाल्ला मात्र एकही नाही. "एकदा चाखून तं पाह्य," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "पुढच्या जन्मी तुह्या घरी येतो, तवा खातो." मी म्हणायचो, "माह्या घरी नको येऊ बाप्पा, बंधारे बांधशीन."

मग रायभान. त्याची जमीनही आपल्याच बंधाऱ्यावर भिजते, संत्र्याचा बगीचा आहे. पण त्याचा जीव रेतीत. नागपुरात घरं उठू लागली, रेतीला सोन्याचा भाव आला, अन् बंधाऱ्याच्या खालचं नाल्याचं पात्र म्हणजे त्याला बापानं मागं ठेवलेलं दुभतं जनावर. ट्रक उतरवायचा तर पात्र कोरडं पाहिजे. पावसाळ्यात खांड खुली, पाणी वाहतं, ट्रक फसतात. तो तुझ्याकडे दोनदा आला की फळ्या लावून टाका. तू नाही म्हणालास. पण त्यानंतर मला काय म्हणालास? "दौलत, त्यालेबी संग घेऊ. शेतकऱ्यांच्या बाजूनं त्याच्या हाती फळी देऊ. जो पाण्यात उतरते तो पाण्याले जपते."

यावरून आपलं वाजलं. मी म्हटलं, साप घरात घ्यायची तुला हौस आहे तर घे, मी माझी फळी त्याच्या फळीवर ठेवणार नाही. तू म्हणालास, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." मी म्हटलं, "तो मासा नाही, मगर हाये." तू हसत सायकलवर बसलास अन् गेलास. ते भांडण तसंच राहिलं. मी जिंकलो असं मला अजून वाटतं. पण तुला बोलून दाखवायचं राहिलं.

श्रावणात पावसानं ओढ दिली. रायभाननं संधी साधली, आपली माणसं लावून सगळ्या फळ्या खांडीत बसवल्या. तुमच्याही, आमच्याही. कोणाला विचारलं नाही. खालचं पात्र कोरडं झालं, ट्रक उतरले. मी कामठीत होतो, वस्तीतले गडी कन्हानच्या पल्याड जाळी घेऊन गेले होते. अन् वर कुठंतरी झोडपून पाऊस झाला आणि भर दुपारी नाल्याला लोंढा आला.

तुला निरोप मिळाला की मासे फळ्यांवर डोकं आपटून राहिले, पोट्टे काठ्यांनी मारून राहिले. तू जेवणावरून उठलास. तुझा गडी लहानू सोबत. बंधाऱ्यावर गेलास अन् वरची फळी काढलीस. ती शेतकऱ्यांची होती. तिच्याखालची आमची. लहानू म्हणाला, "मालक, हेबी काढून टाकू, पाणी चढून राह्यलं." अन् तू काय म्हणालास? लहानूनं मला शपथ घेऊन सांगितलं. तू म्हणालास, "नाही. ढिवरांची फळी हाये. आज आपण हात लावला तं उद्या नेम राहत नाही. जाय, वस्तीतून कोणालेबी घेऊन ये. मी थांबतो."

तू थांबलास! अरे, डोकं फिरलं होतं का तुझं? माझीच फळी होती ना? ओढून फेकायची, जाळायची, मी विचारणार होतो का तुला? रायभाननं दोघांच्याही फळ्यांना हात लावला तेव्हाच तो नेम मेला होता. अन् तू मेलेल्या नेमाला राखत उभा राहिलास! लहानू वस्तीतल्या म्हाताऱ्या बुधाजीला घेऊन पळत आला तोवर पाणी बंधाऱ्यावरून चाललं होतं अन् तू तिथं नव्हतास. तिसऱ्या दिवशी कन्हानच्या वळणावर सापडलास. आमच्याच माणसांनी काढलं तुला. माळ गळ्यात होती.

ठाण्यात लिहिलं, अपघात. फळ्या कोणी लावल्या? रायभान म्हणाला, "शेतकरी अन् ढिवर लावतेत, जगाले माहीत हाये. आपसात काही तं झालं असंल." चोराच्या उलट्या बोंबा! ज्यांनी लावल्या ते त्याच्याच ट्रकवरचे मजूर, ते कशाला बोलतील. अन् वर हा शोकसभेत मोठा भाऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, गावातली इडापिडा पुतळ्यांसोबत शिवेबाहेर हाकलायचा सण. नागपुरात तर मोठाले बडगे निघतातच, आमच्या वस्तीनंही यंदा बडग्या केला. पेंढ्याचा रायभान, डोक्यावर टोपी, गळ्यात ट्रकची फाटकी ट्यूब. बाया, पोरं, म्हातारे, सगळे ओरडत निघाले, "रेतीचोराले घेऊन जा गे मारबत! शामरावले खाणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, घसा बसला. शिवेवर नेऊन जाळला. अन् परत येताना पाहतो तर खरा रायभान हॉटेलात बसून बशीत चहा ओतून पिऊन राहिला. पेंढा जाळून काय होतं, शामा! मी घरी येऊन भाकरीच्या ताटाला लाथ मारली. बायको आठ दिवस बोलली नाही.

मग मीच बैठक बोलावली. म्हटलं, यंदा ढिवर फळी लावणार नाहीत. पाणी सगळं कन्हानला जाऊ द्या. रायभानचा बगीचा वाळू द्या, झाडन् झाड वाळलेलं मला पाहायचं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. पाच गावांचे शेतकरी हातापाया पडून गेले. मी म्हटलं, शोकसभेत त्याच्या मागं हार घालत होतात ना, आता त्याच्याकडूनच पाणी मागा.

पाणी निवळलं, दसरा तोंडावर आला, तेव्हा वयनी आली. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही.

"भाऊजी, तुमी फळी नाही लावत म्हणे."

"नाही लावत. त्याचं वाटोळं करतो."

"करा ना. मलेबी पाहाचं हाये. पण त्याच्याजवळ खोल विहीर हाये, दोन पंप हायेत. नाल्याचं पाणी गेलं तं त्याची संत्री वाळत नाहीत. माहा गहू वाळते. यांच्या मरणाचा बदला तुमी माह्यावरच काढून राह्यले काय?"

मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "बदला घ्याचाच हाये तं नीट घ्या." अन् गेली. तुझ्या बायकोला तू कधी ओळखलं होतंस का रे? मी तर त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं.

त्याच आठवड्यात रायभाननं निरोप पाठवला. झालं गेलं विसरू, यंदा शामरावांच्या आठवणीत शेतकऱ्यांची पहिली फळी मी लावतो, फोटोवाला बोलावतो, नारळ फोडू. निवडणूक जवळ आली होती ना. निरोप्याला वाटलं मी शिव्या देईन. मी म्हटलं, "सांग त्याले, दौलत तयार हाये. पण फळी बंधाऱ्यावरून नाही लावत. नेमानं लावाची. पाण्यात उतरून."

शामा, तुझंच ऐकलं मी. त्याच्या हाती फळी दिली.

पाच गावं काठावर जमली होती. रायभाननं नारळ फोडला, फोटो काढून घेतला, धोतर खोचलं अन् पाण्यात उतरला. समोर मी. पाणी खांडीकडं ओढत होतं. त्यानं फळी खाचेत घातली, दोन्ही हातांनी दाबली, अन् हसून म्हणाला, "लाव बावा तुही."

मी माझी फळी खांद्यावर धरून उभा राहिलो.

"लाव ना बे."

"थांब जरासा," मी म्हटलं.

काठावर आधी कोणाला समजलं नाही. मग हळूहळू सगळे पुढं सरकले. फळीमागं पाणी फुगू लागलं. ती सोडावी तर ओढ त्याला खांडीतून खाली दगडांवर नेणार, दाबून धरावी तर पाणी छातीवरून गळ्याकडं चाललेलं. ढिवराचं पोर असतं तर सहज निसटलं असतं. रायभानला पोहता येत नव्हतं. रेतीवाला, पण पाणी त्याला कधी लागलंच नव्हतं.

"दौलत, मजाक नको करू! लाव!"

"श्रावणात फळ्या कोणं लावल्या?"

"मले काय माहीत!"

"मंग राह्य उभा. शामा उभा होता तसा राह्य उभा. ढिवरांची फळी हाये, मन झालं की लावीन."

काठावरून एकही माणूस पाण्यात उतरला नाही. ना त्याचा भाऊ, ना त्याचे ट्रकवाले. वयनी पुढं येऊन काठावर बसली होती अन् टक लावून पाहत होती. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तेव्हा तो ओरडला. "माह्याच माणसायनं लावल्या! मीच सांगतलं होतं! मले काय माहीत तो मराले येईन! लाव गा दौलत, पाया पडतो, लाव!"

ऐकलं, पाच गावांनी ऐकलं. मीही ऐकलं. अन् तरी लावली नाही. खोटं कशाला बोलू, तुझ्यापाशी काय झाकायचं! मला वाटलं, जाऊ दे याला. मला तो खांडीतून खाली गेलेला पाहायचा होता. इतकं सोपं होतं, फक्त उभं राहायचं होतं. इतकी वर्षं राग गिळत आलो होतो त्याचं ते फळ माझ्या हातात आलं होतं अन् मला ते गोड लागत होतं.

मग मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे फाटलेले, ओठ निळे, तोंडात पाणी जाऊन राहिलं अन् त्यातून तो माझं नाव घेऊन राहिला. दौलत, दौलत. माणूस असा भितो हे मी कधी पाहिलं नव्हतं. अन् तिथं मला रायभान दिसेनासा झाला.

तोवर मी तुला शांत उभा असलेला पाहत होतो. सगळ्यांना तसंच सांगत होतो की शामा नेमासाठी उभा राहिला, छातीचा माणूस. लहानू तर वस्तीकडं पळाला होता, तुझं तोंड कोणी पाहिलंच नव्हतं. मीच आपल्या मनानं तुला हसरं तोंड दिलं होतं.

फळी मी लावली. धडपडत लावली, बोटं चेंगरली. रायभानला काठावर ओढलं ते दुसऱ्यांनी, मी हात दिला नाही. ठाणेदार म्हणतो, पाण्यात बोललेलं कोर्टात चालत नाही. न चालो. त्याचा एकही ट्रक नाल्यात उतरत नाही आता, ड्रायव्हर सोडून गेले, हॉटेलात त्याच्या टेबलावर कोणी बसत नाही. वयनीचा गहू ओंबीवर आला आहे. बदला पुरा झाला म्हणायला हरकत नाही. मला त्याचा पस्तावा आहे असं वाटून घेऊ नको.

फक्त एक विचारायचं आहे, शामा. तू तिथं उभा होतास, पाणी चढत होतं, अन् मी कामठीत गिऱ्हाईकाशी भाव करत बसलो होतो. तेव्हा तूही माझंच नाव घेऊन ओरडत होतास का गा?